पहिला ग्लास कंपनीचा

आमच्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीला रिकाम्या बाटल्यांचा ढीग असायचा. अधूनमधून कंपनीची गाडी यायची आणि बाटल्या परत घेऊन जायची. किस्से मात्र कुणी परत नेत नाही. ते तसेच साचत राहतात, एकावर एक. मग कधी कुणी सहज विचारतं, "काय गं, बिअरच्या कंपनीतल्या माणसाशी लग्न म्हणजे कसं वाटायचं?" की सगळे एकदम खणखणायला लागतात.

मी मुळात कमी बोलणारी. सासरी माझं नावच 'मुकी' पडलं होतं. पण कमी बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो. लोक त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात. आणि त्यांचे ग्लास धुणाऱ्या बाईला तर न बोललेलंही कळतं.

*

माझं लग्न झालं तेव्हा चिकलठाण्यात एकामागून एक कारखाने उभे राहत होते. जालना रोडवर आज ज्वारी दिसली की पुढच्या खेपेला तिथं कंपाउंडची भिंत. हे त्यातल्याच एका बिअरच्या कारखान्यात केमिस्ट. माझे वडील जालन्याला मास्तर. आमच्या घरात चहाच्या दुसऱ्या कपालासुद्धा परवानगी लागायची. आईनं सगळ्या नातेवाइकांत सांगून टाकलं, "जावई सरबताच्या फॅक्टरीत आहेत." एक मावशी तर उन्हाळ्यासाठी कोकमच्या बाटल्या पाठव म्हणून मागंच लागली!

क्वार्टरमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि मी बॅग ठेवायला जागा शोधायला लागले. मोरीशेजारी, पाण्याच्या रांजणाजवळ एक पत्र्याचं खोकं होतं. त्यात ओली वाळू, आणि वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या तपकिरी बाटल्या. नुसत्या माना वर. ओळीनं उभी पुरलेली माणसं डोकी तेवढी बाहेर काढून नव्या नवरीकडं बघतायत, असं वाटलं.

नवऱ्याच्या नात्यानं ह्यांनी मला केलेली पहिली सूचना अशी: "आडवं करायचं नाही. उजेड लागू द्यायचा नाही. हलवायचं नाही. आणि वाळू सुकू द्यायची नाही."

हे सगळं आईला कळवलं असतं तर ती म्हणाली असती, "अगंबाई, इतक्यात बाळंतीणही झाली?"

मग हळूहळू उलगडा झाला. गिऱ्हाईक बिअर घरी नेऊन ठेवतं, पुढं तिचं काय होतं, ते कंपनीला बघायचं होतं. औरंगाबादच्या उन्हाळ्यात फ्रिज असा किती घरांत? म्हणून काही बाटल्या घरीच ठेवायच्या. काही ओल्या वाळूत उभ्या, काही खिडकीत उन्हाला, काही माळ्यावर आडव्या. आणि दर रविवारी संध्याकाळी उघडून चव घ्यायची. ही चाचणी सुरू केली होती प्रभाकरनं. आणि हे क्वार्टरही प्रभाकरचंच होतं.

प्रभाकर हा ह्यांचा लॅबमधला जोडीदार. नागसेनवनात होस्टेलला राहून बीएस्सी झालेला. आमच्या लग्नाआधीच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या जायला लागल्या, तेव्हा त्याला परभणीकडच्या गावाहून निरोप आला. आईला घेऊन येतो म्हणाला. एस्टीत चढता चढता ह्यांना ओरडून सांगितलं, "वाळूला पाणी घालत जा रे! दोन-चार दिवसांत आलोच."

तो आला नाही. हे त्याच्या गावी जाऊन आले. वस्तीत काळ्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. माणसं वाट फुटेल तिकडं पांगलेली. कुणी म्हणालं, मायलेक परभणीच्या स्टॅंडवर दिसले होते. कुणी म्हणालं, मुंबईला गेले. एक म्हातारा नुसता ह्यांच्या चपलांकडं बघत राहिला.

चाचणी मोडू नये म्हणून कंपनीनं क्वार्टर तात्पुरतं ह्यांना दिलं. वाळूतली शेवटची बाटली उघडेपर्यंत प्रभाकर आला, तर नोकरी त्याची, घर त्याचं. नाही आला, तर त्याचं नाव कमी आणि क्वार्टर कायमचं आमचं. तोवर आतल्या खोलीत प्रभाकरची खाट आणि ट्रंक, बाहेरच्या खोलीत आम्ही.

दर रविवारी एक बाटली कमी व्हायची आणि ह्यांचा चेहरा तेवढा उतरायचा. मला मात्र पडदे शिवायचे होते. कुणाच्या खिडकीला, ते ठरत नव्हतं!

*

रविवारची मंडळी म्हणजे हे, शहागंजचे सलीमभाई आणि बाप्पू. सलीमभाई बॉटलिंगला. बाप्पू सेलरमध्ये, जिथं बिअर थंडगार टाक्यांत मुरत असते तिथं. बाप्पूच्या घरी मेंढरं. त्याचे वडील अजूनही कळप घेऊन रानोमाळ हिंडायचे.

पहिल्याच रविवारी मी नव्या सुनेच्या उत्साहानं ग्लास साबणानं धुतले, फडक्यानं चकचकीत पुसले आणि ट्रेमध्ये मांडून आणले. ह्यांनी बिअर ओतली. फेस वर आला, आणि डोळ्यांदेखत मेला.

तिघंही ग्लासाकडं असे बघत बसले, की घरात मयत झालीय.

"भाभी," सलीमभाई फार अदबीनं म्हणाले, "गिलास कायसे पोंछे?"

"फडक्यानं."

"कौनसे?"

"पोळ्यांच्या."

बाप्पूनं कपाळावर हात मारला. "वहिनी, तुपाचं बोट लागलं की फेस बसलाच म्हणून समजा! लई नाजूक असतंय ते. नव्या नवरीसारखं."

"नवी नवरी पोळ्या करते, बाप्पू," मी म्हटलं. हे माझं त्या घरातलं पहिलं पूर्ण वाक्य. मंडळी दचकलीच.

मग मला शिकवण्यात आलं. ग्लास सोड्यानं धुवायचे, भरपूर पाण्यानं खळबळायचे, फडकं लावायचं नाही, उपडे ठेवून आपोआप वाळू द्यायचे. दुधाचा ग्लास वेगळा, बिअरचा वेगळा. ओतायच्या आधी गार पाण्याची एक विसळ. मग ग्लास तिरका धरून कडेनं ओतायचं, अर्ध्यावर आलं की सरळ करायचा, वर दोन बोटं फेस.

पुढच्या रविवारी सलीमभाईंनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. एक घोट घेतला. फेस खाली उतरला आणि जिथं होता तिथं काचेवर पांढरं कडं राहिलं. आणखी एक घोट, खाली आणखी एक कडं. हातात बांगड्या चढवाव्यात तशी.

"देखे भाभी? साफ गिलास हर घोट का निशान रखता. झूट बोलनेवाले का मूँ नक्को देखो, उसका गिलास देखो."

तेव्हापासून रविवारचे ग्लास गोळा करताना मला सगळं कळायचं. कोण चाखतंय आणि कोण पितंय. बाप्पू घरी जाताना बडीशेप चघळत म्हणायचा, "मी काय, नुसतं ओठ लावल्यासारखं केलं." मी नुसती त्याच्या ग्लासावरच्या बांगड्यांकडं बघायची.

महिनाभरात बाप्पू ग्लास माझ्या हातात देण्याआधी आतून बोटानं पुसून द्यायला लागला!

*

प्रभाकरचा ग्लास म्हणे लांबूनही ओळखू यायचा.

त्याला झुपकेदार मिशी होती आणि तो तिला रोज खोबरेल लावायचा. त्यामुळं तो जिथं ओठ टेकवेल तिथला फेस फाटायचा. प्रत्येक कड्याला एकाच बाजूला खाच, चंद्रकोरीसारखी. बाकीच्यांच्या ग्लासांवर गोल बांगड्या, ह्याच्या ग्लासावर तुटलेल्या.

चव घ्यायला बसणाऱ्यानं तेल, अत्तर काही लावू नये, असा लॅबचा नियम. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर त्याला झापलं. "प्रभाकर, एक तर मिशी ठेवा, नाहीतर पॅनेलवर राहा."

प्रभाकर हसला म्हणे. म्हणाला, "साहेब, माझ्या बापाला गावात मिशीला पीळ देता आला नाही. त्यांच्या वाटणीचं तेलही माझीच मिशी पिते. तुम्ही माझी जीभ तपासा."

साहेबांनी जीभ तपासली. डोळे मिटून त्यानं वाळूतली कुठली, उन्हातली कुठली, माळ्यावरची कुठली, सगळं बरोबर सांगितलं. मिशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याचं आणखी एक ठरलेलं होतं. पहिला ग्लास तो ताठ बसून प्यायचा. वास, रंग, फेस, चव. तोंडातून शब्द नाही. तो संपला की म्हणायचा, "हा कंपनीचा झाला. आता माझा." मग बाटलीत उरलेली बिअर दुसऱ्या स्वच्छ ग्लासात ओतायची, लोखंडी खुर्ची जरा मागं ओढायची आणि पाय लांब पसरायचे. त्या ग्लासाबद्दल त्याला कुणी काही विचारलेलं चालायचं नाही.

ती लोखंडी खुर्ची अजून दाराजवळच होती. रविवारी तिच्यावर कुणी बसायचं नाही. तिच्यासमोर स्टुलावर हे एक भरलेला ग्लास ठेवायचे. "कंट्रोल आहे," असं मला सांगितलं. म्हणजे तुलनेसाठी बाजूला ठेवलेला, न उष्टावलेला ग्लास. लॅबमध्ये तशी पद्धतच असते म्हणे.

असेल. पण लॅबमधल्या कंट्रोलला कुणी खुर्ची देत नाही, एवढं मलाही कळत होतं.

*

थंडी सरत आली होती. एका रविवारी हे दोघांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि मी ग्लास उचलायला आले. कंट्रोलच्या ग्लासावर, फेसाच्या वरच्या अंगाला, एक कडं होतं.

एकच. एका घोटाचं.

मी खिडकीतून फाटकाकडं बघितलं. हे सलीमभाईंच्या सायकलीला हात लावून उभे होते. माझ्या लक्षात आलं. सगळ्यांच्या नकळत, मित्राच्या नावानं एक घोट घेत असणार. मला त्यांची एकदम माया आली. ग्लास धुऊन टाकला. एखाद्या पुरुषाला रडायला एवढीच जागा असेल, तर आपण कशाला तिथं दिवा लावायचा?

नंतरच्या रविवारी दोन कडी. मग तीन. जसजशा वाळूतल्या बाटल्या कमी होत गेल्या, तसतसा तो ग्लास खाली उतरत गेला. मी आपली धुवत राहिले. एकदा नीट बघायला म्हणून उजेडात धरला, तर कड्यांना एका बाजूला खाच दिसली.

म्हटलं, माझ्याच हाताला तूप असणार. पुन्हा सोड्यानं घासला!

*

कैऱ्या आल्या तसं मी आमच्या संसारातलं पहिलं बंड केलं. लोणच्याची बरणी.

घरातली एकमेव गार जागा म्हणजे ते वाळूचं खोकं, आणि त्यावर बिअरची मालकी. मला राग आला. बाटल्यांना वाळू आणि माझ्या लोणच्याला खिडकी? हे सकाळी कामावर गेल्यावर मी बरणी वाळूत बसवली आणि तिच्या जागेपुरत्या बाटल्या काढून खिडकीत ठेवल्या. कुलूप लावलं आणि रिक्षा करून औरंगपुऱ्यात मसाला आणायला गेले.

परत आले तर बरणी खिडकीत. बाटल्या वाळूत, उभ्या, एका ओळीत. वाळूवर नुकतं पाणी शिंपडलेलं.

दुपारी जेवायला येऊन गेले असणार, आणि हे! तोंडानं सांगता येत नाही? मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

आता गंमत अशी, की मी मुळातच बोलत नाही. त्यामुळं मी रुसलेय हे ह्यांना कळलंच नाही!

*

वैशाखात बाप्पूचे वडील आले. त्यांचा कळप विमानतळाच्या बाजूच्या मोकळ्या रानात उतरला होता. रविवारी बाप्पूनं त्यांना आमच्याकडं आणलं. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. सगळे त्यांना आबा म्हणायचे.

त्या दिवशी खिडकीत उन्हात ठेवलेली बाटली उघडली होती. उजेड लागलेल्या बिअरला एक घाण वास सुटतो. त्या वासाला काय म्हणायचं ह्यावर लॅबमध्ये वर्षभर वाद. हे म्हणायचे जळक्या रबराचा, सलीमभाई म्हणायचे माचिस के मसाले का. आबांनी ग्लास नाकाशी नेला आणि परत केला.

"भिजलेल्या मेंढराचा वास येतुया," ते म्हणाले. "आमाला घरी लई हाय. हितं कशाला पिऊ?"

सगळे पोट धरून हसले. मग आबांनी वाळूतली बिअर घेतली, ती त्यांना पसंत पडली आणि काठीचा आधार घेत निघाले. दाराशी थांबले. आधी ह्यांना रामराम केला. मग वळून त्या लोखंडी खुर्चीला रामराम केला. अगदी मान लववून, माणसाला करतात तसा.

हसणं थांबलं.

"म्हातारं झालंय," बाप्पू घाईनं म्हणाला. "कमी दिसतंय त्याला."

आबा फाटकाबाहेर गेले. मी ग्लास गोळा करत होते. तेवढ्यात बाप्पू हळूच परत आला आणि माझ्याजवळ उभा राहिला.

"वहिनी, दादाला सांगू नका. पण आबाला कमी नाय दिसत. वढ्याच्या पल्याडनं आपलं कोणतं अन् दुसऱ्याचं कोणतं मेंढरू, ते सांगतंय आमचं म्हातारं."

आणि त्या रविवारी पहिल्यांदाच बाप्पूनं बडीशेप मागितली नाही.

*

आणि मग तो शेवटचा रविवार.

आदल्या दिवशी साहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. "उद्या शेवटची बाटली ना? सोमवारी त्याचं नाव कमी करतो. सामान स्टोअरला जमा करा. क्वार्टरला रंग लावून देऊ. मिसेसना विचारा, कुठला पाहिजे." हे सगळं ह्यांनी मला पाठमोरे बसून सांगितलं.

मी म्हटलं, "सांगते विचार करून."

रंग माझ्या मनात कधीचा ठरलेला होता. फिकट पिवळा. पडद्यांचं कापडही बघून ठेवलं होतं. पण तोंडातून निघेना.

त्या रविवारी शहर बंद होतं. नामांतराचा मोर्चा निघणार होता, दुकानं मिटलेली. सलीमभाई तरी आले, आडवाटेनं, सायकल हातात धरून. "शहागंज में चिडिया भी नहीं है," म्हणाले. बाप्पू आधीच येऊन भिंतीला टेकून बसला होता.

ह्यांनी वाळूतून शेवटची बाटली काढली. ओल्या वाळूत तिचा आकार तसाच राहिला, गोल, खोल. कुणी त्यावर हात फिरवला नाही.

"आज आपण चव घ्यायची नाही," हे म्हणाले. "सगळी त्याची."

आमच्या चाचणीच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. ह्यांनी ग्लास विसळला, तिरका धरला, भरला. दोन बोटं फेस. स्टुलावर ठेवला. बाटलीत अर्धी उरली, ती शेजारी उभी.

आम्ही बसून होतो. चौघं, आणि ती खुर्ची.

एवढ्यात जालना रोडकडून घोषणा ऐकू यायला लागल्या. चिकलठाण्याकडून माणसं मोर्चासाठी शहराकडं चालत निघाली होती. निळे झेंडे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, हातात चपला धरून चालणारी म्हातारी माणसं. हे ताडकन उठले आणि फाटकाकडं धावले. का, ते आम्हाला कळलं. एवढ्या माणसांत तो असेल तर? सलीमभाई गेले, बाप्पू गेला. मीही गेले. रविवारी घर रिकामं टाकून मी फाटकाशी जायची ती पहिलीच वेळ.

आम्ही एकेक चेहरा बघत होतो. हे तर चवड्यांवर उभे राहून. मध्येच एखादी मिशी दिसली की पुढं व्हायचे आणि पुन्हा मागं यायचे. शेवटचा झेंडा वळणाआड गेला. घोषणा विरल्या. रस्त्यावर नुसती धूळ.

"चला," हे म्हणाले.

आमच्या क्वार्टरला मागचं दार नव्हतं. पुढचं एकच, आणि ते सारा वेळ आमच्या पाठीशी, चार पावलांवर उघडं होतं. आत कुणी गेलं असतं तर आमच्यामधूनच गेलं असतं.

स्टुलावरचा ग्लास रिकामा होता.

काठापासून बुडापर्यंत कडीच कडी. सावकाश, चवीनं, एकेक घोट घेत प्यायलेला ग्लास.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं.

"तू... आता?" हे म्हणाले.

"मी तुमच्याशेजारी उभी होते."

"मग दर रविवारी? मला दिसायचं की. ग्लास उतरलेला असायचा. म्हटलं, आवडायला लागली असेल तुला. लाजत असशील, म्हणून विचारलं नाही."

"मी?" मी म्हटलं. "मला वाटायचं, तुम्ही पिता!"

मग मला आठवलं.

"आणि लोणचं?"

"कुठलं लोणचं?"

"बरणी तुम्ही खिडकीत ठेवली ना? दुपारी येऊन?"

"मी दुपारी कधी घरी येतो?" हे म्हणाले.

बाप्पू होता तिथंच खाली बसला. सलीमभाईंनी ग्लास उचलला, दाराच्या उजेडात धरला आणि हळूहळू फिरवला. प्रत्येक कडं एका बाजूला तुटलेलं. वरपासून खालपर्यंत, चंद्रकोरीखाली चंद्रकोर. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच माझ्यापुढं धरला. बिअरचा वास होता, आणि त्याच्या मागं दुसरा एक. घराघरांतल्या बाटलीतल्या, थंडीत गोठणाऱ्या खोबरेलाचा ओळखीचा वास.

"धोऊ नक्को भाभी," सलीमभाई म्हणाले. "ये गिलास धोऊ नक्को."

बाप्पू तसाच खाली बसून, कुणाकडंही न बघता म्हणाला, "वहिनी, बाटलीत हाय का अजून?"

"अर्धी आहे."

"हा कंपनीचा झाला," हे खुर्चीकडं बघत म्हणाले.

मी आत जाऊन दुसरा ग्लास आणला. सोड्यानं धुतलेला, उपडा वाळवलेला. गार पाण्यानं विसळला. बाटली हातात घेतली. इतके महिने त्या घरात राहून मी कधी बिअर ओतली नव्हती. तिघंही बघत होते.

"उद्या साहेबांना सांगा," मी ह्यांना म्हटलं, "रंग कुठला, ते त्यालाच विचारून लावा."

मग ग्लास तिरका धरला. अर्ध्यावर आल्यावर सरळ केला. दोन बोटं फेस. स्टुलावर ठेवला, आणि लोखंडी खुर्ची जरा मागं ओढली.

पाय पसरायला जागा नको?